विषाद, चिंता आणि विस्मरण
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जी व्याख्यानमाला योजिली आहे, तिच्यातील आजचे व्याख्यान देण्याचे काम समितीने आमच्याकडे सोपविले आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. अशा प्रसंगी मंदिराचा पहिला चिरा कोणी बसविला, घंटा कोठून आणिली, पहिल्या सणाला किती मंडळी जमली होती, ह्या गोष्टी ऐकावयास मिळाव्या अशी पुष्कळांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. त्या गोष्टी सांगणारे वक्ते आमच्यामागून येणार आहेत. आम्हीही आज स्मरणाविषयीच बोलणार आहोत. परंतु निराळ्या अंगाने. सारा गाव पन्नास वर्षांच्या आठवणी काढीत असता ज्यांना कालचे आठवत नाही, आणि जे आठवते ते सारे काळेच आठवते, अशी माणसे ह्या बाकांवर बसलेली आहेत. आजचे बोलणे त्यांच्याविषयी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

पापनिवेदनात ऐकलेले आम्ही कोठेही उच्चारीत नाही आणि येथेही उच्चारणार नाही. परंतु मंदिराच्या ओट्यावर, आजाऱ्याच्या खाटेपाशी, लग्नाच्या मांडवात लोक धर्मगुरूंशी उघडपणे जे बोलतात त्यात काही तक्रारी वारंवार ऐकू येतात. कोणी माउली म्हणते, ‘फादर, जपमाळ म्हणताना तिसरे रहस्य चालले आहे की चौथे, हेच कळेनासे होते.’ कोणी हिशेबनीस म्हणतो की, एकच बेरीज तीनदा करूनही ती बरोबर आली असा भरवसा वाटत नाही. एखादी सूनबाई दूध चुलीवर ठेवून तेथेच उभी असते, आणि तरी दूध उतू जाते. एखादे आजोबा दिवसभर भिंतीकडे पाहात बसतात. काही विचारले तर ‘ठाऊक नाही’ एवढेच म्हणतात. ह्या प्रत्येकाच्या बाबतीत निवाडा तयार असतो. माउली स्वतःच म्हणते की आपली श्रद्धा उणी झाली. हिशेबनिसाला वरिष्ठ आळशी ठरवितात. सुनेचे लक्ष माहेरी आहे असे सासू म्हणते. आजोबांचे वय झाले, असे सर्वजण म्हणतात. ह्या चारही निवाड्यांहून निराळे असे एक कारण असू शकते, आणि ते पुष्कळदा असतेही. वैद्यशास्त्र ज्याला डिप्रेशन म्हणते आणि आपण विषाद किंवा नैराश्य म्हणतो, तो विकार, अथवा त्याचा सख्खा भाऊ जो चिंताविकार, ह्यांनी ग्रासलेल्या मनुष्याची विचारशक्ती व स्मरणशक्ती मंद होते. ते त्याचे पाप नव्हे, आळस नव्हे, आणि बहुधा म्हातारपणही नव्हे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक दुःख हा विकार नव्हे. घरात मयत झाले असता मनुष्य रडतो, त्याचे अन्नावरून मन उडते, हे स्वाभाविकच आहे. त्याला औषध म्हणजे सोबत आणि काळ. परंतु उदासपणा, किंवा कशातही गोडी न वाटणे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे टिकले, आणि त्याबरोबर झोप, भूक, अंगातील शक्ती हीही बिघडली, तर डॉक्टर विषादाचा विचार करितात. त्यांच्या लक्षणांच्या यादीत ‘विचार करणे, लक्ष लावणे अथवा निर्णय घेणे कठीण होणे’ हे एक स्वतंत्र लक्षण म्हणून लिहिलेले आहे. महिनोन् महिने चालणाऱ्या चिंताविकाराच्या यादीतही ‘मन एकाएकी कोरे होणे’ आहेच. म्हणजे विस्मरण हे दुखण्याच्या बाहेरचे काही नव्हे. तापात जसे अंग गरम होते, तसे ह्या दुखण्यात लक्ष ढळते. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या पाहणीत दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा विषादाने गाठले असल्याचे आढळले. आपल्या रविवारच्या पहिल्या मिस्सेला किती माणसे असतात, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता हे घडते कसे? ह्याचे एक उत्तर आम्हास सेमिनरीत, वैद्यकाच्या नव्हे तर ईश्वरविज्ञानाच्या ग्रंथात भेटले. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिआ’ ह्या ग्रंथात एक प्रश्न उभा केला आहे: वेदनेमुळे मनुष्याची शिकण्याची शक्ती नाहीशी होते काय? त्यांच्या उत्तराचा आशय असा की, आत्म्याच्या सर्व शक्तींचे मूळ एकच आहे. म्हणून एका शक्तीने त्याचे अवधान जोराने ओढून घेतले म्हणजे दुसऱ्या शक्तीस ते उरत नाही. नवीन काही शिकावयाचे तर पुष्कळ अवधान लागते. वेदना तीव्र असेल तर शिकणे अशक्य होते. आणि ती फारच तीव्र झाली तर पूर्वी शिकलेल्याकडेही लक्ष देता येत नाही. हे मुख्यत्वे शरीराच्या वेदनेविषयी झाले. परंतु अंतरीचे दुःख पराकोटीचे असले तर तेही असेच करिते, असे सांगून त्यांनी एक उदाहरण दिले आहे, ते थोर पोप संत ग्रेगरी ह्यांचे. इ. स. ५९३ च्या सुमारास लोंबार्ड लोकांनी रोमला वेढा दिला असता ग्रेगरी हे यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथावर प्रवचने देत होते. शहराबाहेरील हालअपेष्टांच्या वार्ता येऊ लागल्या, आणि त्यांनी ते विवरण अर्ध्यावरच थांबविले. लक्षात घ्या, खिन्नतेस प्रमुख दुर्गुणांच्या यादीत बसविणारे ग्रेगरी ते हेच. दुर्गुण म्हणून जिची त्यांनी गणना केली ती खिन्नता निराळी, आणि जिने त्यांची वाणी थांबविली ती निराळी. परंतु बाहेरून पाहणारास दोन्हींचा चेहरा सारखाच दिसतो. आपल्या घरोघरी घोटाळा होतो तो येथेच.

अक्वायनस ह्यांची कल्पना आपल्या वसईच्या माणसास समजावून सांगावयास फार शब्द लागत नाहीत. पूर्वी आपल्या वाड्यांत रहाट चालत असत, ते वयोवृद्ध मंडळींना आठवत असतील. विहीर एक, आणि पाट अनेक. पाणी केळींकडे सोडले असता पानवेलीकडे पोहोचत नाही. पानवेल सुकली म्हणजे कोणी विहीर आटली म्हणून हाकाटी करीत नाही. पाटाला कोठे भगदाड पडून पाणी भलतीकडे तर वाहात नाही ना, हे तो आधी पाहतो. विषादग्रस्त मनुष्याचे अवधान असेच भगदाडातून वाहून जात असते. ‘मी नालायक आहे’, ‘माझ्यामुळे घर बुडाले’, ‘उद्या काय होईल’ ह्या विचारांचे चक्र अहोरात्र फिरत असते आणि सारे पाणी तेथेच जिरते. मग समोर उतू जाणाऱ्या दुधाला काय उरावे?

आजच्या मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट मोजून दाखविली. इंग्लंडमधील ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच ह्या दोघांनी १९७४ साली असे मांडिले की, मनात हाताशी धरावयाची अशी एक अल्पकालीन स्मृती असते. तोंडी हिशेब करताना हातचा धरणे, वाक्याचा शेवट ऐकेपर्यंत त्याचा आरंभ ध्यानात ठेवणे, ही तिची कामे. तिला ते कार्यस्मृती म्हणतात. तिची जागा फार थोडी. ताटाएवढी म्हणा ना. ताटात आधीच चिंता वाढून ठेविलेली असली तर भात कोठे वाढावा? मायकेल आयझेंक व मॅन्युएल काल्व्हो ह्यांनी १९९२ साली ह्यात एक मार्मिक भर घातली. चिंताग्रस्त मनुष्याचे काम नेहमीच चुकते असे नाही. पुष्कळदा तो ते अचूक करितो, परंतु दोन आण्यांच्या कामाला चार आणे मोजून. म्हणूनच परीक्षेच्या चिंतेने पोखरलेला मुलगा गुण चांगले मिळवूनही घरी येऊन मेल्यासारखा पडतो, आणि बाप म्हणतो, ‘एवढे काय केलेस?’ त्या मुलाने दुप्पट केलेले असते. फक्त ते उत्तरपत्रिकेवर दिसत नाही.

येथवर आम्ही नवीन गोष्ट मनात शिरत कां नाही ते सांगितले. जे शिरलेच नाही, ते पुढे आठवणार कोठून? ‘कालच सांगितले होते, विसरलास कसा?’ असे आपण विचारतो. वास्तविक तो विसरलेला नसतो, ते त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. परंतु विषादाची ह्याहूनही खोल अशी एक करणी आहे, आणि आमच्या मते सर्वांत घातक तीच. ती जुन्या आठवणींना हात घालते.

इ. स. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स व कीथ ब्रॉडबेंट ह्या इंग्लंडमधील संशोधकांनी, औषधाचा अतिरेक करून जीव देऊ पाहिलेल्या आणि सुदैवाने वाचलेल्या रुग्णांना काही शब्द देऊन, प्रत्येक शब्दावरून आयुष्यातील एक विशिष्ट प्रसंग सांगावयास सांगितले. समजा, ‘आनंद’ हा शब्द आहे. धडधाकट मनुष्य काय सांगेल? ‘त्या वर्षी सणाची मिरवणूक निघाली, अवचित पाऊस आला, आणि धाकट्याची चप्पल चिखलात रुतून बसली, आम्ही पोट धरून हसलो.’ त्यात दिवस आहे, जागा आहे, चप्पल आहे. त्या रुग्णांना मात्र असे नेमके प्रसंग सांगणे जड जाई, आणि त्यातही सुखाचे प्रसंग अधिकच जड जात. उत्तरे येत ती सरसकट, ‘पूर्वी सणाला बरे वाटत असे’ अशा धर्तीची. प्रसंग गळून पडलेला, केवळ मथळा राहिलेला! पुढील अभ्यासांत विषादग्रस्तांमध्ये हेच पुनःपुन्हा आढळून आले. ह्यात हानी कोणती, असे कोणी विचारील. हानी ही की, अडचणीतून वाट काढण्याचे साहित्य ह्या बारीकसारीक तपशिलांतच असते. ‘मागे कर्ज झाले तेव्हा मी अमक्याकडे गेलो, त्याने हप्ते बांधून दिले’ हे ज्याला आठवते त्याला आजच्या कर्जातही दार दिसते. ज्याच्यापाशी ‘मी आयुष्यभर अपयशीच’ एवढा मथळाच उरला, त्याला चारही बाजूंनी भिंती दिसतात. आत्मघाताचा विचार ह्या भिंतींच्या आत वाढतो.

दुसरे असे की, खिन्न मन आठवणी निवडून घेते, आणि काळ्या तेवढ्या निवडते. डेव्हिड क्लार्क व जॉन टीस्डेल ह्यांनी १९८२ साली, दिवसाच्या काही वेळी अधिक व काही वेळी कमी खिन्न होणाऱ्या रुग्णांची परीक्षा घेतली. तोच मनुष्य, तेच आयुष्य. परंतु खिन्नता गडद असलेल्या वेळी त्याला दुःखाचे प्रसंग अधिक आठवले आणि सुखाचे कमी. म्हणून बंधूंनो, विषादाच्या भरात मनुष्याने स्वतःच्या आयुष्याचा मांडलेला हिशेब हा हिशेबच नव्हे. जमेची पाने चिकटून बसलेली आहेत आणि खर्चाची तेवढी उघडत आहेत, अशा वहीवरून दिवाळे काढावयाचे काय?

पवित्र शास्त्रात ह्याचे एक चित्र आहे, ते आम्हास फार दिवसांपासून विलक्षण वाटत आले आहे. एलिया संदेष्टा ईजबेल राणीच्या भयाने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. पुढे होरेब डोंगरावर तो देवाला सांगतो की, आता मी एकटाच उरलो आहे. आता मागचा अध्याय उघडून पाहा. राजवाड्याचा कारभारी ओबद्या ह्याने त्याला समक्ष सांगितले होते की, आपण शंभर संदेष्टे गुहांत लपवून त्यांना अन्नपाणी पुरविले आहे. तो शंभरांचा आकडा झुडपाखाली बसलेल्या एलियाच्या ध्यानी कोठे गेला? संदेष्ट्याच्या दुखण्याचे निदान करावयास आम्ही डॉक्टर नव्हे, आणि शास्त्रही ते करीत नाही. परंतु त्याच्याशी झालेला व्यवहार पाहण्याजोगा आहे. देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेविला, त्याला झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. एकटा नाहीस, सात हजार शिल्लक आहेत, हा आकडा त्याला पुष्कळ नंतर सांगण्यात आला.

आता चिंतेचे जे एक खास रूप धार्मिक घरांत वारंवार आढळते, त्याकडे वळतो. त्याला आपल्या भाषेत चांगला शब्द आहे: मंत्रचळ. दाराला कुलूप लाविले की नाही म्हणून चारदा मागे फिरणे, गॅसचे बटण पुनःपुन्हा चाचपणे, हात धुता धुता सालडी निघणे. आणि धर्माच्या क्षेत्रात, सांगितलेले पाप पुन्हा सांगणे, म्हटलेली प्रार्थना नीट म्हटली गेली नाही म्हणून पहिल्यापासून म्हणणे. अमेरिकेतील मनोवैद्यांनी २०१३ सालापासून ह्याला चिंताविकारांच्या वर्गातून काढून निराळा वर्ग दिला आहे. परंतु चिंता त्याच्या मुळाशी आहे, हे कोणी नाकारीत नाही.

लोयोलाचे संत इग्नाशियस ह्यांना ह्या दुखण्याने किती छळिले हे त्यांनी उतारवयात स्वतःच सांगून लिहवून ठेविले आहे. इ. स. १५२२ मध्ये मोन्सेरात येथील मठात त्यांनी आपल्या साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन लिहून काढून तीन दिवस केले. इतके करूनही मानरेसा येथे राहावयास गेल्यावर त्यांना वाटू लागले की काही तरी राहून गेले आहे. ते पुन्हा सांगत, पुन्हा शंका येई, पुन्हा सांगत. अखेरीस पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली की, अगदी स्पष्ट असेल तेवढेच मागचे सांगावे. ह्या आज्ञेचा काडीचाही उपयोग झाला नाही. कारण इग्नाशियस ह्यांना सारेच स्पष्ट वाटत होते! दशा अशी झाली की, खोलीतील मोठ्या भोकातून उडी टाकून जीव द्यावा, असे त्यांना वाटू लागले. पुढे एक दिवस मागचे एकही पाप पुन्हा सांगावयाचे नाही असा त्यांनी निश्चय केला, आणि तेथून ते मोकळे झाले.

त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी, २००३ साली, नेदरलँड्समधील मार्सेल फान देन हाउट व मेरेल किंट ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मंत्रचळ नसलेल्या साध्या माणसांना संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी पुनःपुन्हा तपासावयास लाविली. दुसऱ्या गटाला मधल्या वेळी शेगडीऐवजी दिवे तपासावयास दिले. शेवटी दोघांनाही शेगडीच्या अखेरच्या तपासणीविषयी विचारिले. पुनःपुन्हा तपासणाऱ्यांची आठवण चूक नव्हती. ती इतरांइतकीच बरोबर होती. परंतु ती फिकी पडली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. पाहा, काय विपरीत आहे! खात्री व्हावी म्हणून तपासावे, आणि तपासण्यानेच खात्री जावी. इग्नाशियस पुन्हा पुन्हा सांगत होते म्हणूनच त्यांना सांगितल्याची खात्री वाटेनाशी झाली होती, असे म्हणावयास आता पुष्कळ आधार आहे. म्हणून ह्या विकाराने पीडलेल्यास ‘अधिक काळजीपूर्वक परीक्षण कर’ असा सल्ला देणे म्हणजे बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधणे होय. त्याला ‘एकदा सांगितले, संपले’ असेच सांगावयाचे आणि त्यावर अढळ राहावयाचे. आणि जपमाळेची रहस्ये चुकणाऱ्या माउलींनी हे ऐकून ठेवावे: मणी ओवले आहेत ते मनाला मोजावे लागू नये म्हणूनच. बोट ज्या मण्यावर असेल तेथून पुढे चालावे. मागे फिरू नये. रोज जपमाळ म्हटलीच पाहिजे असे ख्रिस्तसभेने कोणावर पापाचे भय घालून लादलेले नाही.

वृद्धांविषयी थोडे सांगितले पाहिजे. लेस्ली किलोह ह्या मनोवैद्याने १९६१ साली, स्मृतिभ्रंश झाला असे समजून जवळजवळ सोडून दिलेल्या, परंतु मूळ विकारावर उपचार होताच सुधारलेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि अशा अवस्थेस ‘आभासी स्मृतिभ्रंश’ ह्या अर्थाचे नाव रूढ झाले. विषाद हे त्याचे एक मोठे कारण. त्याची काही चिन्हे सांगतात: विस्मरण काही आठवड्यांतच बळावते, रुग्ण स्वतःच ‘मला काही आठवत नाही’ म्हणून कळवळून सांगतो, आणि विचारले असता चुकीचे उत्तर देण्याऐवजी ‘ठाऊक नाही’ म्हणून मोकळा होतो. खऱ्या स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा आपली उणीव झाकतो. परंतु ही पारख घरी करण्याची नव्हे. दोन्ही दुखणी एकत्रही असतात. आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेला विषाद कधी कधी खऱ्या स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचनाही असतो. थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने किंवा बी-१२ जीवनसत्त्व उणे पडल्यानेही मन खिन्न होते आणि विसर पडतो. त्याचा पत्ता रक्ताच्या साध्या तपासणीने लागतो. ‘वय झाले’ असे म्हणून आजोबांना भिंतीकडे तोंड करून बसू देण्यापूर्वी एवढे तरी करावे.

मेंदूत काय घडते, असे तरुण मंडळी विचारतील. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या बाजूस, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. नव्या आठवणी बांधण्यात त्याचा मोठा वाटा असतो. चिंता व ताण दीर्घकाळ राहिला असता रक्तात कॉर्टिसॉल हे द्रव्य वाढते, आणि त्याचा ताप ह्या भागास विशेष होतो असे मानितात. अमेरिकेतील यव्हेट शेलाइन ह्यांनी १९९६ साली, वारंवार विषाद होऊन गेलेल्या स्त्रियांत हा भाग सरासरीने लहान असल्याचे दाखविले. पुढील मोठ्या अभ्यासांत हा फरक थोडकाच आढळला आहे. एकट्या मनुष्याच्या मेंदूचे छायाचित्र पाहून त्याला विषाद आहे की नाही हे सांगता येत नाही. ह्याहून अधिक खोलात आम्ही शिरत नाही.

उपाय काय? पहिला उपाय डॉक्टर. विषादावरील औषधे आज घेतली आणि उद्या गुण आला अशी नसतात. त्यांना काही आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागतात. नवस फेडून परत आलो, आता गोळ्या कशाला, असे म्हणून त्या बंद करू नयेत; नवस करणाऱ्याने त्या नेमाने घ्याव्या. उलट, शेजारणीला झोपेसाठी दिलेली गोळी आपण घेऊ नये. चिंता तात्पुरती शमविणाऱ्या व झोप आणणाऱ्या काही गोळ्या स्वतःच स्मरण मंद करितात. औषधाबरोबर, किंवा विकार सौम्य असेल तर औषधावाचूनही, संभाषणाने केलेला उपचार गुणकारी ठरतो. एरन बेक ह्या अमेरिकन मनोवैद्याने १९६० नंतरच्या दशकात त्याची एक पद्धत घालून दिली: ‘मी नेहमीच चुकतो’ असे रुग्ण म्हणाला म्हणजे त्याच्याशी वाद न घालता, कोठे, केव्हा, कसे, हे त्याच्याकडूनच शोधवून घ्यावयाचे. मथळ्याखालचा प्रसंग परत आणावयाचा, असेच म्हणा ना. आणखी हे ध्यानात असावे की, मन हलके झाले तरी स्मरण व एकाग्रता मागाहून, हळूहळू येतात. काहींच्या बाबतीत पूर्ण येत नाहीत. उठून बसला की लगेच त्याला जुन्या कामाला जुंपू नये.

संत अक्वायनस ह्यांनी खिन्नतेवर पाच उतारे सांगितले आहेत: सुखकर गोष्टी, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवा, झोप व स्नान. सेमिनरीच्या वर्गात ह्या स्नानापाशी नेहमी हशा पिकत असे. आज डॉक्टर झोपेची वेळ, चालणे, अंग हलविणे ह्यांवर इतका भर देतात की हसू येत नाही.

घरच्यांनी काय करावे? एका वेळी एकच गोष्ट सांगावी. औषधाच्या वेळा, सामानाची यादी, भेटीचा दिवस कागदावर लिहून भिंतीला लावावा, आणि ‘लहान मूल आहेस काय?’ असे म्हणू नये. ‘आठव, आठव’ म्हणून पिच्छा पुरवू नये. आणि मोठे निर्णय पुढे ढकलावे. मन ओसाड झालेले असता पूर्वीचे निश्चय बदलू नयेत, असा नियमच इग्नाशियस ह्यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथात घालून दिला आहे. तो आपल्या भागात जमिनीच्या व्यवहारांना विशेष लागू आहे. खिन्न मनुष्याला वाडी ओझे वाटते, आयुष्य संपल्यासारखे वाटते, आणि कागदावर सही घेणारा दाराशी उभाच असतो. ठरलेले लग्न मोडणे, नोकरी सोडणे, मठातून निघून येणे, ह्यांनाही तोच नियम.

जीव नकोसा झाला आहे, असे कोणी सुचविले तर विषय बदलू नका. ‘मरावेसे वाटते काय?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट मनुष्य मोकळा होतो. त्याला एकटा सोडू नका. पूर्वी, १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे, जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारीत असत. १९८३ च्या संहितेत ते बंधन ठेविलेले नाही, आणि तीव्र मानसिक व्यथेने मनुष्याची जबाबदारी कमी होते असे ख्रिस्तसभेचे १९९२ चे धर्मशिक्षण सांगते. देशाच्या कायद्यानेही आपली दृष्टी बदलली आहे: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावयास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने ३०९ वे कलम घेतलेले नाही. तेव्हा पोलिसांचे किंवा आमचे भय बाळगून कोणी अशी गोष्ट घरात दडपून ठेवू नये.

सरकारने २०२२ साली टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. दिवसा अगर रात्री केव्हाही, पैसे न पडता, मराठीत बोलता येते. हा क्रमांक ज्यांच्या ध्यानात राहावयाचा नाही, त्यांच्यासाठी तो मंदिराच्या दाराजवळील फलकावर मोठ्या अक्षरांत लिहविला आहे. आणि ज्याला स्वतः फोन लावण्याचा धीर होणार नाही, त्याने सायंकाळच्या मिस्सेनंतर आमच्या ओट्यावर यावे. शेजारी बसून आम्ही तो लावून देऊ.